टाइपरायटरचा फॉन्ट म्हणजे पुरावा नव्हे!

मागच्या भीमजयंतीच्या आधी वरूडमध्ये आम्ही एक पोस्टर तयार केले. पिवळट पडलेला कागद, कडा जळल्यासारख्या, कोपऱ्यात शाईचा डाग, आणि त्यावर जुन्या टाइपरायटरवर उमटवल्यासारख्या अक्षरांत बाबासाहेबांच्या नावाने दोन वाक्ये. खाली लिहिले होते : 'अमरावती, १९२७'. पोस्टर देखणे होते. दोन दिवसांत ते तालुक्यातल्या सगळ्या गटांत फिरले, पार मोर्शी आणि शेंदूरजना घाटपर्यंत पोहोचले. मग एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने गटावर सरळ विचारले, "हे वाक्य कुठून घेतलं रे पोट्टेहो? खंड कोणता, पान कोणतं?"

आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हते. ज्याने पोस्टर केले त्याला ते वाक्य फॉरवर्ड आले होते. ज्याने फॉरवर्ड केले त्यालाही फॉरवर्डच आले होते. शेवटी एक जण म्हणाला, "पण काका, पाहून तं ओरिजिनलच वाटते ना!"

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. 'पाहून ओरिजिनल वाटते' ही आज आपल्या चळवळीची मोठी अडचण होऊन बसली आहे, आणि तिला आम्हीही जबाबदार आहोत. म्हणून सुरुवात स्वतःपासून करतो. ते पोस्टर आम्ही मागे घेतले. ज्या गटांत टाकले होते त्या प्रत्येक गटात जाऊन 'या वाक्याचा संदर्भ आमच्याकडे नाही' असे लिहिले. पोस्टरला जितके 'जय भीम' आले होते, त्याच्या दहावा हिस्साही त्या खुलाशाला आले नाहीत. खोटे पळत जाते आणि खुलासा लंगडत मागे येतो, हे त्या दिवशी आम्ही अनुभवले.

आता मुद्द्याकडे वळू. टाइपरायटरसारखी दिसणारी अक्षरे काय काम करतात?

हा फॉन्टचा प्रकार काही आपला शोध नाही. 'कुरिअर' हा फॉन्ट हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकात आयबीएम कंपनीच्या टाइपरायटरसाठी केला. सिनेमाच्या पटकथा आजही त्यात लिहिल्या जातात. १९७४ मध्ये 'अमेरिकन टाइपरायटर' आला. न्यूयॉर्क शहराच्या प्रसिद्ध लाल बदामाच्या बोधचिन्हातली अक्षरे त्याच फॉन्टची. १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या एरिक व्हान ब्लोकलंड यांनी खऱ्या टाइपरायटरवर उमटलेली मळकी, तुटकी अक्षरे घेऊन 'ट्रिक्सी' बनवला. मग गुप्तहेरांच्या मालिका, खुनाच्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठे, 'गोपनीय' शिक्का मारलेली चित्रे, कॅफेची मेनूकार्डे, लग्नपत्रिका सगळीकडे अशी अक्षरे दिसू लागली. आज मोबाइलवरच्या फुकट अॅपमध्ये अशा फॉन्टची रांग असते.

डिझाइनर मंडळी हा फॉन्ट का निवडतात? कारण टाइपरायटर म्हणताच माणसाच्या मनात कचेरी उभी राहते. फाइल, पंचनामा, साक्ष, हुकूम, दाखला. संगणक घरोघर येण्याआधी हाताने लिहिलेला कागद खाजगी असायचा आणि टाइप केलेला कागद सरकारी. तहसील कचेरीबाहेर मशीन मांडून बसलेल्या माणसाकडून अर्ज टाइप करून घेतला की तो साहेब वाचतो, हे आपल्या आजोबांना पक्के ठाऊक होते. तो दरारा या अक्षरांना अजून चिकटलेला आहे. म्हणून त्या अक्षरांत लिहिलेली कोणतीही गोष्ट वाचणाऱ्याला आधीच सिद्ध झाल्यासारखी वाटते. वाक्य तपासण्याआधीच डोळा मान्य करून मोकळा होतो.

न्यूयॉर्कच्या बोधचिन्हात यात काही गैर नाही. ते चिन्ह कुठला जुना कागद असल्याचा दावा करत नाही. आपण शिबिराची पत्रिका, वाचनालयाची पाटी, अंकाचे शीर्षक या अक्षरांत करा, आमची काहीच हरकत नाही. हरकत तिथे आहे, जिथे फॉन्ट, डाग आणि जळक्या कडा मिळून 'हा मूळ दस्तऐवज आहे' असे सांगतात आणि तसा दस्तऐवज कुणी पाहिलेलाच नसतो.

आमच्याच पोस्टरची चिरफाड करू. नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब अमरावतीला आले होते, हे खरे. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटलेला होता आणि त्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. वऱ्हाडच्या माणसाला याचा अभिमान असायलाच हवा. पण त्या काळात बाबासाहेबांचे मराठी विचार लोकांपर्यंत पोहोचत होते ते 'बहिष्कृत भारत'मधून. ते पाक्षिक ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाले होते. ते छापखान्यात छापले जायचे. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, फर्मा बांधायचा, शाई लावायची आणि छापायचे. त्याआधीचा ३१ जानेवारी १९२० चा 'मूकनायक'ही छापखान्यातलाच. म्हणजे १९२७ च्या अमरावतीची आठवण म्हणून आम्ही जी टाइपरायटरची मराठी अक्षरे वापरली, त्यांचा त्या भाषणाशी काही संबंध नव्हता. वाक्याला संदर्भ नव्हता आणि त्याला चढवलेला वेषही चुकीचा होता.

'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये ग्रंथरूपाने पुन्हा छापले, वसंत मून यांच्या संपादनाखाली. बाबासाहेबांची मराठी भाषणे अठराव्या खंडाच्या तीन भागांत आहेत. आम्ही ते उघडून पाहायला हवे होते. आम्ही फॉन्ट शोधत बसलो.

दुसरे उदाहरण संविधानाच्या उद्देशिकेचे. २६ नोव्हेंबर जवळ आला की 'मूळ उद्देशिका' म्हणून टाइपरायटरच्या अक्षरांतली चित्रे फिरू लागतात. जरा थांबून विचार करा. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत हाताने लिहिलेली आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा या सुलेखनकाराने ती तिरप्या वळणदार अक्षरांत लिहिली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. पानांवरची सजावट शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. तेव्हा टाइपरायटरच्या अक्षरांतली उद्देशिका 'मूळ' कशी असेल? त्यातल्या काही चित्रांत तर 'मूळ' असे लिहून खाली 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्दही असतात, जे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. त्या दोन शब्दांवर आज किती राजकारण चालले आहे हे आपण रोज पाहतो. हे शब्द संविधानाच्या आत्म्यात पहिल्यापासून आहेत, असे आम्ही ठामपणे मांडतो आणि मांडत राहू. पण १९४९ च्या कागदावर १९७६ चे शब्द छापले, तर आपण समोरच्याच्या हातात आयता दगड देतो. तो मग मुद्द्यावर बोलत नाही. तो फक्त म्हणतो, 'बघा, यांना स्वतःचे संविधानही नीट माहीत नाही.'

तिसरे उदाहरण आपल्या रोजच्या घोषणेचे. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' ही घोषणा प्रत्येक फलकावर असते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली. तिथल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणाच्या शेवटी हे तीन शब्द आहेत आणि त्यांचा क्रम वेगळा आहे : आधी शिका, मग चेतवा, मग संघटित व्हा. या क्रमावर चळवळीत जुना वाद आहे. माणसे आधी पेटतात आणि मग संघटना उभी राहते, की आधी संघटना उभी करून मग संघर्षात उतरायचे? हा वाद महत्त्वाचा आहे, त्यावर अभ्यासवर्ग व्हायला हवेत. पण जळक्या कडांच्या कागदावर, टाइपरायटरच्या अक्षरांत, बाबासाहेबांची सही चिकटवून मराठी क्रम छापला की वादच संपतो. तरुण कार्यकर्त्याला वाटते, बाबासाहेबांनी असेच टाइप करून ठेवले आहे. ज्या प्रश्नावर विचार व्हायला हवा होता, तो एका फॉन्टने बंद केला.

काही साथी म्हणतील, एवढ्या बारीकसारीक गोष्टीचा बाऊ कशाला? तिकडे आयटी सेल दिवसाला शेकडो खोट्या पोस्ट टाकते, आणि तुम्ही आपल्याच पोरांना धारेवर धरता?

आमचे उत्तर सरळ आहे. ज्यांच्या हातात सत्ता, पैसा आणि माध्यमे आहेत त्यांना खोटे परवडते. पकडले गेले तरी उद्या दुसरे खोटे तयार असते. आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे कागद आहे. साउथबरो समितीपुढची १९१९ ची साक्ष आहे, गोलमेज परिषदेतली भाषणे आहेत, संविधान सभेतले वादविवाद आहेत, खंडामागून खंड आहेत. बाबासाहेबांनी आयुष्यभर विरोधकाला त्याच्याच ग्रंथातले पान दाखवून निरुत्तर केले. संदर्भ देणे ही आपल्या चळवळीची सवय आहे, तिचे हत्यार आहे. ते हत्यार आपणच बोथट केले तर लढायचे कशाने?

कागदाचा खोटेपणा अक्षरांवरून कसा पकडला जातो तेही समजून घ्या. २०१७ मध्ये पाकिस्तानात पनामा प्रकरणाच्या चौकशीत नवाझ शरीफ यांच्या कन्येचा एक कागद पुढे आला. त्यावर तारीख होती फेब्रुवारी २००६ ची आणि फॉन्ट होता 'कॅलिब्री', जो सर्वसामान्यांच्या हातात २००७ मध्ये आला. साऱ्या जगात त्या फॉन्टची चर्चा झाली. टाइपरायटरचेही तसेच आहे. खऱ्या मशीनवर प्रत्येक अक्षर दर वेळी थोडे वेगळे उमटते. बोट जोरात पडले तर गडद, रिबन सुकली असेल तर फिके. मशीनचा एखादा खिळा झिजला असेल तर ते अक्षर कायम तुटके येते, आणि त्यावरून तज्ज्ञ कोणत्या मशीनवर टाइप केले हेही ओळखतात. मोबाइलमधल्या साध्या फॉन्टमध्ये मात्र एका अक्षराला जो डाग असतो, तोच डाग ते अक्षर जितक्या वेळा येईल तितक्या वेळा हुबेहूब तसाच येतो. दहा ठिकाणी एकच डाग! आमचे पोस्टर मोठे करून पाहिले तेव्हा हेच दिसले. आपण ज्याला 'ओरिजिनल' म्हणत होतो ते शाळकरी पोरालाही पकडता आले असते.

आणि खोट्या कागदांची किंमत काय असते हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज आहे का? भीमा कोरेगाव प्रकरणात ज्यांना वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले गेले, त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा म्हणजे संगणकात सापडलेली पत्रे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या तपास प्रयोगशाळेने, बचाव पक्षाच्या वकिलांच्या सांगण्यावरून तपासणी करून, अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या संगणकात ती पत्रे बाहेरून घुसवण्यात आली होती. आम्ही तो अहवाल हातात घेऊन सभा घेतल्या. 'कागद कुणी, केव्हा, कशावर तयार केला ते सांगा,' असे आम्ही व्यवस्थेला ओरडून विचारले. तोच प्रश्न आमच्या पोस्टरला विचारला तर आम्ही गप्प! ज्या कसोटीवर दुसऱ्याला तपासायचे, तिच्यावर आधी स्वतः उतरले पाहिजे.

आता टाइपरायटरच्या खऱ्या इतिहासाबद्दल दोन शब्द. कारण या फॉन्टच्या हौसेत तो इतिहास पुसला जातो आहे.

कॅफेच्या भिंतीवर टाइपरायटर लावणाऱ्याला ते शोभेचे यंत्र वाटते. आपल्या समाजासाठी ते पोटापाण्याचे यंत्र होते. नानकचंद रत्तू हे नाव आजच्या किती तरुणांना माहीत आहे? पंजाबातला हा माणूस दिवसभर सरकारी नोकरी करायचा आणि संध्याकाळी बाबासाहेबांकडे येऊन त्यांचे लेखन टाइप करायचा. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टाइप केलेले कागद आपल्याजवळ मागवून घेतले, ते रत्तूंनीच आणून दिले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधानाच्या कामाचे श्रेय वाटताना मध्यरात्रीनंतरही राबणाऱ्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांची आठवण आवर्जून ठेवली होती. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत, त्यात टाइपरायटरही आहे. वरूडहून तिथे जायला किती वेळ लागतो? आपल्यातले किती जण गेले आहेत?

नंतरच्या पिढीत गावागावांतून टायपिंगचे क्लास निघाले. इंग्रजी चाळीस, मराठी तीस शब्द मिनिटाला, हे प्रमाणपत्र हातात आले की लिपिक-टंकलेखकाच्या जागेचा अर्ज भरता यायचा. वस्तीतली कितीतरी पोरे-पोरी सायकलवर क्लासला जाऊन त्या कडक बटणांवर बोटे आपटत सरकारी नोकरीत शिरली. त्यांच्या पगारावर पुढची पिढी शिकली. आज मशीन गेले आणि जागाही कंत्राटात जाऊ लागल्या. त्यावर पोस्टर किती निघतात?

या यंत्राने आपल्यासाठी एक गुंताही मागे ठेवला. मराठी टाइपरायटरवर बटणे मोजकी असल्यामुळे अक्षरे तुकड्यांत उमटवावी लागत. 'भीम' लिहायचे तर आधी अर्धा भ, मग काना, मग दीर्घ वेलांटी, मग म. संगणक आला तेव्हा टंकलेखकांच्या बोटांना सवय तीच होती, म्हणून कृतिदेवसारखे फॉन्ट त्याच मांडणीवर चालले. विदर्भातल्या डीटीपीच्या दुकानांत आपली पत्रके, स्मरणिका, परिषदांचे ठराव वर्षानुवर्षे त्यातच टाइप झाले. पण त्या फायली आतून युनिकोड नाहीत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. गूगलवर 'भीम' शोधले तर त्या फायलींतला 'भीम' सापडत नाही. म्हणजे चळवळीचे दोन-तीन दशकांचे खरे लेखन जुन्या सीडी आणि बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये मुके होऊन पडले आहे. आणि आपण इकडे न झालेल्या भाषणाला जुनेपणाचा रंग फासत बसलो आहोत. जे खरे जुने आहे ते सडते आहे आणि जे नवे आहे त्याला जुने केले जाते आहे.

हे फक्त आपल्याच घरात चालले आहे असेही नाही. जून २०१६ मध्ये दादरच्या आंबेडकर भवनासोबत बुद्धभूषण छापखाना पहाटेच्या अंधारात पाडला गेला, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला. बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. शासनाला जाब विचारलाच पाहिजे, आणि आम्ही विचारतो. पण खंड मिळत नाहीत म्हणून ओरडणाऱ्याने मिळालेला खंड उघडलाही पाहिजे.

म्हणून वरूडमध्ये आम्ही स्वतःपुरते काही नियम ठरवले आहेत. इतर गावांतल्या साथींनीही ते तपासून पाहावेत.

एक, बाबासाहेब, फुले, शाहू, सावित्रीमाई कुणाचेही वाक्य पोस्टरवर टाकायचे तर खाली खंड आणि पान, किंवा अंक आणि तारीख. संदर्भ नसेल तर वाक्य नाही. आपला विचार असेल तर खाली आपल्या मंडळाचे नाव टाकायचे. आपला विचार सांगायला बाबासाहेबांची सही उसनी घ्यायची गरज नाही.

दोन, इंग्रजीतून मराठी केले असेल तर 'अनुवाद' असे स्पष्ट लिहायचे.

तीन, टाइपरायटरचा फॉन्ट, जुना कागद, शिक्के आणि डाग अवतरणांसाठी वापरायचे नाहीत. खऱ्या दस्तऐवजाचा फोटो मिळाला तर तो जसाच्या तसा टाकायचा आणि कुठून मिळाला ते सांगायचे. अवतरणासाठी साधा, मोठा, दुरून वाचता येईल असा देवनागरी फॉन्ट पुरे.

चार, दर रविवारी बुद्धविहारात दोन तास. घरात पडलेली जुनी पत्रके, निमंत्रणे, ठराव, टायपिंगची प्रमाणपत्रे, वडिलांचे टाइप केलेले अर्ज घेऊन यायचे. त्यांचे फोटो काढायचे, तारीख आणि गाव लिहायचे. कृतिदेवच्या फायली युनिकोडमध्ये बदलायच्या आणि बदलल्यावर एकदा वाचून तपासायच्या.

पहिल्याच रविवारी एक ताई आपल्या वडिलांच्या ट्रंकेतला कागद घेऊन आल्या. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दिलेला अर्ज, त्याची कार्बन प्रत. अक्षरे निळसर, कागद इतका पातळ की धरायची भीती वाटावी. दोन ठिकाणी चुकलेल्या शब्दावर एकापुढे एक फुल्या मारून पुढे बरोबर शब्द टाइप केलेला. खाली वडिलांचा अंगठा. त्या कागदावर कुठली सजावट नव्हती, तरी विहारातले सगळे काही वेळ बोलायचे थांबले.

ज्याने ते पोस्टर केले होते, त्यानेच त्या अर्जाचा फोटो काढला. खाली त्याने साध्या अक्षरांत गाव आणि तारीख लिहिली, आणि ताईंना विचारून मगच गटावर टाकला. संदर्भ कुणी मागितला नाही. तो कागदावरच होता.

जय भीम! जय संविधान!